अर्धी चूल

न्यूझीलंडमधल्या आमच्या पामर्स्टन नॉर्थ शहरातल्या एका संशोधन संस्थेच्या लॉबीत हल्ली काचेचं एक कपाट उभं आहे. आत तीन हजार वर्षांपूर्वीची खापरं, खालून पिवळे दिवे, आणि प्रत्येक खापरावर बारीक टिंबांची सुरेख नक्षी. येणारे-जाणारे हातात कॉफीचा कप धरून क्षणभर थांबतात, 'वाव' म्हणतात आणि लिफ्टकडे जातात. ही खापरं कुणी खणून काढली, ते त्या कपाटावर कुठेही लिहिलेलं नाही. संस्थेचं नाव मीही इथे लिहिणार नाही. तिला माझ्याकडून तेवढीसुद्धा जाहिरात मिळायला नको. पण ज्या बाईने भर उन्हात गुडघे टेकून ती खापरं मातीतून सोडवली तिचं नाव शरयू बर्वे. ते कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून हे लिहिते आहे, आणि रागातच लिहिते आहे. राग ओसरायची वाट बघत बसले तर हे लिहून व्हायचं नाही.

शरयूताई पुण्यात पुरातत्त्व शिकल्या, न्यूझीलंडला आल्या आणि लापिता लोकांच्या मागे लागल्या. लापिता हे नाव त्या लोकांचं नव्हे, अभ्यासकांनी सोयीसाठी ठेवलेलं. ती माणसं स्वतःला काय म्हणवत हे कुणालाच माहीत नाही. धातू ठाऊक नाही, लिपी नाही. दगडाच्या कुऱ्हाडी, शिंपल्यांची हत्यारं आणि होड्या एवढ्यावर ती बेटामागून बेट ओलांडत टोंगा-सामोआपर्यंत पोचली आणि किनाऱ्याला घरं करून राहिली. इथल्या माओरींचे ते दूरचे पूर्वज. जगभरच्या म्युझियमना त्यांच्या मडक्यांवरची नक्षी हवी असते. शरयूताईंचा जीव मात्र नक्षी नसलेल्या, धुराने काळ्या पडलेल्या साध्या खापरांवर. "मिरवायच्या भांड्यात कुणी मासे शिजवतं का गं?" त्या विचारायच्या. "सणाला काय केलं ते मला नको सांगूस. मंगळवारी दुपारी काय शिजलं होतं ते सांग."

आमची ओळखच मुळी ओरडा खाऊन झाली. मी इथल्या हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट. नवीन घर घेतलं तेव्हा माझा नवरा समीर मागच्या अंगणात लिंबाचं झाड लावायला खड्डा खणत होता. एवढ्यात कुंपणापलीकडून खणखणीत मराठीत आवाज आला, "ते खाली ठेव! हातातलं खाली ठेव आधी!" समीरच्या हातून फावडंच पडलं. पायात जांडल्स म्हणजे इथल्या रबरी चपला, अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, पिकलेल्या केसांचा अंबाडा अशी एक बाई कुंपणाचं दार ढकलून आत आली, त्याने बाजूला टाकलेला पांढरा तुकडा तिने उचलला, शर्टाला पुसला आणि सरळ जिभेला लावला.

"अहो, जंतू असतील त्यात!" माझ्यातली फार्मसिस्ट किंचाळली.

"असतील. जुनं हाड असलं की जिभेला चिकटतं. हे नाही चिकटलं. दगड आहे." मग समीरकडे बघून, "चालू दे तुझं. पण सगळं अंगण उकरू नकोस. अर्धं ठेव."

हे 'अर्धं ठेव' म्हणजे शरयूताई. त्यांच्या अंगणातलं गवत नेहमी अर्धंच कापलेलं असे. उरलेल्या अर्ध्यात गुडघाभर रान माजलेलं, आणि पुढच्या वर्षी ते कापून दुसरं वाढवायचं. शेजारचा गोरा आजोबा त्यावरून कायम कुरकुरायचा. आमच्याकडे जेवायला आल्या की वाटीतलं अर्धं श्रीखंड बाजूला काढून फ्रिजमध्ये ठेवायला लावायच्या. वाढदिवसाला केक कापला तर अर्ध्या केकवर झाकण. माझी मुलगी ईरा, जिला मराठी सगळं कळतं पण बोलायचं म्हटलं की तोंडातून इंग्लिशच निघतं, ती एकदा चिडून म्हणाली, "बट इट्स माय बर्थडे, आजी!" तर शरयूताई तिच्यावर डोळे वटारून म्हणाल्या, "सगळं आत्ताच कशाला हवंय तुला?"

हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलं होतं की ईराने त्याची नक्कल बसवली होती. मला सुरुवातीला वाटायचं, म्हातारीचा चक्रमपणा आहे. मग एकदा कपडे वाळत घालताना त्यांनी मला ते समजावलं, म्हणजे झापत झापत समजावलं. खणलं की ती जागा गेली. तीच माती पुन्हा कुणालाच खणता येत नाही. आज आपल्याला जे कळत नाही ते उद्याच्या माणसाला कळणार असतं, त्याच्याकडे नवी साधनं असणार असतात, म्हणून शहाण्या माणसाने थोडं खणावं आणि बाकीचं सोडून निघून यावं. "हावरटांचं काम नाही हे," त्या म्हणाल्या आणि माझा टॉवेल चिमट्यासकट ओढून सरळ केला.

त्यांचा सगळ्यात गाजलेला किस्सा टोंगातल्या एका छोट्या बेटावरचा. तिथे मेले नावाच्या बाईच्या कसाव्याच्या, म्हणजे साबुदाण्याच्या कंदाच्या, शेतात त्यांच्या टीमला लापितांची चूल सापडली. जमिनीत खळगा, काळी राख, माशांची हाडं, शिंपले, आणि काठाला साधी खापरं. शरयूताईंनी ती बरोबर मधोमध कापून अर्धी खणली आणि थांबल्या. टीमचे मुख्य होते एक मोठे प्रोफेसर. त्यांना पूर्ण चूल हवी होती. सीझन संपत आलेला, निधी देणाऱ्यांना दाखवायला काहीतरी हवं. वाद वाढला. तेव्हा शरयूताईंनी काय करावं? उरलेल्या अर्ध्या चुलीवर जाऊन मांडी घालून बसल्या. "मला उचलून बाजूला ठेवा आणि मग खणा," म्हणाल्या. त्या तेव्हाही चांगल्या धिप्पाड होत्या. प्रोफेसरांनी आजूबाजूला पाहिलं, कुणी पुढे येईना. काठावर चटईवर बसलेली मेले मात्र पोट धरधरून हसत होती.

खड्डा बुजवायच्या आधी तळाशी चालू सालाचं नाणं टाकायचा पुरातत्त्ववाल्यांत रिवाज आहे. पुढे कुणी खणलंच तर त्याला कळावं, की इथवर आधीच कुणी येऊन गेलंय. शरयूताई दर वेळी भारतातला रुपया टाकायच्या.

निघताना मेलेने त्यांना अडवलं. चुलीतली राखमाती त्यांनी पिशव्यांत भरून घेतली होती. "माती कशाला नेतेस? तुझ्या देशात माती नाही?" मेलेने विचारलं. शरयूताई म्हणाल्या, "हिच्यात काय शिजलं ते हिला ठाऊक आहे. मला अजून तिचं ऐकता येत नाही. पुढे कुणाला तरी येईल." मेलेने जरा विचार केला आणि म्हणाली, "मग आमचं कुणी विचारायला येईपर्यंत सांभाळ." शरयूताईंनी होकार दिला. हे सांगताना त्यांचा आवाज नेहमी खाली यायचा. "शब्द दिलाय मी तिला," म्हणायच्या. त्या पिशव्या संस्थेच्या तळघरात होत्या, आणि शरयूताई अधूनमधून जाऊन त्यांची विचारपूस केल्यासारखी गाठी तपासून यायच्या.

आपल्या लोकांत त्यांना 'खापरताई' म्हणत, अर्थात पाठीमागे. एका गणपतीत मंडळाने त्यांना दहा मिनिटं बोलायला सांगितलं. बोलून झालं तसा सेक्रेटरी निखिल उठला. आयटीतला हुशार मुलगा. "ताई, पण हे लोक मुळात आपल्याकडूनच गेले असणार ना? म्हणजे बघा, नारळ आपला, हळद आपली, होड्या..."

"निखिल, तुझे आजोबा कोण होते रे?"

"माझे? कोल्हापूरला शिक्षक होते."

"चांगले होते?"

"हो, म्हणजे खूपच."

"मग ते पुरेत ना तुला? दुसऱ्यांचे कशाला पळवतोस?"

निखिलची बायको मोदकांचा ट्रे घेऊन दारातच थबकली. तरी निखिलने तारे तोडलेच, "पण ताई, तुम्ही तिथे रुपये टाकून आलात. उद्या कुणाला सापडले तर ते म्हणतीलच, की भारतीय आले होते!"

"त्यावर साल असतं," शरयूताई म्हणाल्या. "ज्याला साल वाचता येत नाही त्याच्यासाठी मी काय करू?" आणि अर्धा मोदक खाऊन घरी निघून गेल्या.

आता ज्याच्यामुळे हे लिहायला बसले ते. संस्थेत रिस्ट्रक्चरिंग आलं. या देशात 'किआ ओरा'ने सुरू होणाऱ्या ऑफिसच्या लांबलचक ईमेलमध्ये बहुतेक वेळा कुणाची तरी नोकरी गेलेली असते, हे मी इथे राहून शिकले आहे. बिचाऱ्या माओरींचा नमस्काराचा गोड शब्द, आणि त्याच्या आडून सुरे फिरवतात. शरयूताईंचं पद गेलं. चहा झाला, भाषण झालं, केक झाला. त्यांनी झाकून ठेवलेला अर्धा केक प्रॉपर्टी मॅनेजर क्रेग डब्यात भरून घरी घेऊन गेला. तळघर सायकली ठेवायला रिकामं करायचं ठरलं होतं, पण संग्रह आधी नीट दुसरीकडे हलवू, असं त्यांना तोंड भरून सांगण्यात आलं. त्यांनी विश्वास ठेवला आणि आठवडाभर ऑकलंडमधल्या बॉटनी डाउन्सला मुलाकडे गेल्या.

परत आल्या त्या दिवशी मला फोन आला. "गाडी घेऊन ये." एवढंच. मी हॉस्पिटलमधून तशीच निघाले.

संस्थेच्या पार्किंगजवळ फुलांचा नवीन वाफा केला होता. पॅन्सीची जांभळी-पिवळी फुलं, वर लाकडाचा भुसा. शरयूताई त्याच्या कडेला उकिडव्या बसल्या होत्या आणि त्यांच्या मुठीत अॅल्युमिनियमच्या चिठ्ठ्या होत्या, पिशव्यांना बांधलेल्या असायच्या त्या. कचऱ्याच्या डब्यात सापडल्या म्हणे. नक्षीची खापरं लॉबीत गेली, साधी खापरं क्रेटमध्ये कोंबून मागच्या दारी ठेवली, आणि पिशव्यांमध्ये 'वस्तू' काहीच नाही, नुसती मातीच दिसते, म्हणून त्या वाफ्यात रिकाम्या केल्या. सोबत कंपोस्ट, सोबत खत. आता ती माती कशाचीच राहिली नव्हती.

क्रेग आला. चेहऱ्यावर हसू. "शरयू, नथिंग वेन्ट टू लँडफिल. वी रीयूज्ड एव्हरीथिंग. इट्स जस्ट डर्ट."

परिषदांमध्ये तासन्‌तास इंग्लिश बोलणाऱ्या शरयूताईंना त्या क्षणी इंग्लिशचा एक शब्द आठवला नाही. त्या उठल्या आणि अख्ख्या पार्किंगला ऐकू जाईल असं मराठीत ओरडल्या, "अरे मूर्खा, चूल होती ती! चूल!" क्रेग दोन पावलं मागे सरला. मग त्या पुन्हा खाली बसल्या आणि पॅन्सीच्या मुळांशी हात घालून नुसती माती चाळत राहिल्या. मी त्यांना कधी रडताना पाहिलं नव्हतं. त्या दिवशीही त्या रडल्या नाहीत, आणि ते बघणं जास्त कठीण गेलं.

माझ्या तळपायाची आग अजून मस्तकात जाते. आमच्याकडे मुदत संपलेलं मॉर्फीन टाकून द्यायचं तरी दोघांच्या सह्या लागतात. इथे तीन हजार वर्षं टिकलेली राख एका माणसाला शोभा हवी म्हणून गेली, आणि कुणाची सही नाही, कुणाची माफी नाही. आणि आपले लोक! निखिलच्या घरच्या पॉटलक जेवणाला मी हे सांगितलं तर तो पुलाव वाढून घेत म्हणाला, "पण तशी मातीच होती ना?" मी प्लेट तिथेच ठेवून निघाले. त्या घरी मी अजून गेलेली नाही.

थोड्याच दिवसांत सेला आली. मेलेची नात. ऑकलंडच्या ओटाहुहूत वाढलेली, रसायनशास्त्र शिकलेली. जुन्या मातीत चिकटून राहिलेल्या चरबीवरून, पिठाच्या कणांवरून काय शिजलं होतं ते आता ओळखता येतं, आणि सेला नेमकं तेच शिकत होती. आजीने तिला सांगितलं होतं, पामर्स्टन नॉर्थमध्ये एक भारतीय बाई आहे, तिच्याकडे आपली माती आहे, जाऊन माग.

शरयूताईंनी तिला चहासुद्धा विचारला नाही. दारातच, ती सँडल काढत असतानाच सांगितलं, "माती गेली. माझ्याकडून सांभाळली गेली नाही." मग काय झालं ते सगळं सांगितलं. मी मध्ये बोलायला गेले, की तुमची काय चूक, तर मला म्हणाल्या, "तू गप्प बस. शब्द क्रेगने दिला नव्हता, मी दिला होता."

सेला ऐकत होती. चिडायची तिची तऱ्हा वेगळी, ती आवाज चढवत नाही. तिने आम्हाला तडक संस्थेत न्यायला लावलं. क्रेग आता सावध होता. त्याने अगदी हळुवारपणे सुचवलं, की वाफ्यापाशी एक सुंदर फलक लावू, त्यावर लापिता नक्षी काढू. सेलाने वाकून पॅन्सीखालची चिमूटभर माती उचलली. मग म्हणाली, "मी आजीला काय सांगू? तुझी चूल यांनी फुलांना घातली, पण फलक छान आहे?" क्रेगने फोन काढून कुठलीतरी मीटिंग आठवल्यासारखं केलं.

"आजीला मी सांगणार," शरयूताई म्हणाल्या. "तू नाही."

त्यांचा मुलगा त्यांना बॉटनी डाउन्सला कायमचं न्यायला मागेच लागला होता. तिथे मॉलजवळचं टाउनहाऊस, अंगणाच्या जागी काँक्रीट. त्या तयार झाल्या. सामान पुढे गेलं आणि मी त्यांना माझ्या गाडीतून ऑकलंडला निघाले, पण आधी ओटाहुहूला जायचं या अटीवर. डिकीत संस्थेच्या मागच्या दारातून उचलून आणलेले साध्या खापरांचे क्रेट होते. रस्ताभर त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. मी रेडिओ लावला तो त्यांनी बंद केला. मला ओरडल्या असत्या तरी चाललं असतं.

ओटाहुहूला स्टेशनपासून जवळच सेलाचं घर. व्हरांड्यात मोठी विणलेली चटई, तिच्यावर मेले, हल्ली बेट सोडून नातीकडे राहायला आलेली. फार थकलेली, पाय सुजलेले, दृष्टी अधू. शरयूताई बूट काढून तिच्यासमोर खाली बसल्या. त्यांचे गुडघे आता सहज वाकत नाहीत. मी हात द्यायला गेले तर माझा हात झटकला. मोडक्यातोडक्या टोंगनमध्ये त्यांनी स्वतःच सांगितलं, की मेले, माती गेली, मी शब्द पाळला नाही. सेला काही भाषांतर करायला पुढे झाली, पण त्याची गरज पडली नाही.

व्हरांड्याबाहेर कुणाचा तरी लॉनमोवर चालू होता. मेलेने हात पुढे करून शरयूताईंची मांडी चाचपली, चांगली थोपटली, आणि काहीतरी विचारलं. सेलाने आम्हाला सांगितलं, "आजी विचारतेय, ती दुसरी अर्धी? जिच्यावर तू बसली होतीस?"

शरयूताईंनी मान वर केली.

"ती तशीच आहे," सेला आजीचं एकेक वाक्य आमच्याकडे पोचवत होती. "तिथे आजीने काहीच लावलं नाही. सगळीकडे कसावा, तेवढी जागा मोकळी. माझ्या काकांना घराचा चौथरा तिथे घालायचा होता, आजीने घालू दिला नाही. म्हणाली, ती जाडी बाई परत येऊन बसली तर उठवणार कोण?"

आणि मेले हसायला लागली, दात नसलेल्या तोंडाने, पोट धरून. शरयूताईंनी तिचा हात घट्ट धरला, आणि त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. पार्किंगमधलं ते सगळं तिथे वाहिलं. मलाही आवरेना, आणि रडता रडता मला संतापच येत होता. ज्यांच्याकडे तळघर होतं, कुलूप होतं, पगार होते, त्यांना एक पिशवी राखता आली नाही. आणि हिने आपल्या पोराचं घर बाजूला सरकवलं.

क्रेट उतरवून झाले. मेलेने प्रत्येक खापरावर बोट फिरवून बघितलं आणि नक्षी कुठे आहे म्हणून एकदाही विचारलं नाही. निघताना सेला गाडीपर्यंत आली. येत्या हिवाळ्यात ती बेटावर जाणार होती. शरयूताई पुढच्या सीटवर बसल्या, पट्टा लावला, काच खाली केली, आणि त्यांचा जुना आवाज परत आला.

"तळाशी माझा रुपया मिळेल. तिथून समुद्राकडे कुणी हात लावलेला नाही. आधी फोटो, मग हात. घाई केलीस तर मी तिथे येऊन बसेन. आणि नीट ऐक. सगळी खणायची नाही. अर्ध्यातली अर्धी ठेव."

"पण आन्टी, आता तर विचारायला मी आलेय ना?" सेला म्हणाली. "अजून कुणासाठी ठेवायची?"

"मला काय माहीत कुणासाठी!" शरयूताई खेकसल्या. "तू तरी मला कुठे माहीत होतीस?"

आणि त्यांनी काच वर केली.